चारशे सतरा नंबरचं दही

वाल्मीक खैरनार यांनी पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकतीस हजारांवर खापरांच्या नोंदी केल्या आणि त्यांतली एकच खोटी होती. त्यांच्या जन्मतारखेतही सात महिन्यांची गफलत होती, पण ती शाळेच्या मास्तरांनी केलेली. ती त्यांच्या नावावर धरायचं कारण नाही.

खोटी नोंद अशी होती : 'मडके, क्र. ४१७. अखंड. आतून चुन्याचा थर. उत्खननानंतरची हाताळणी : फक्त पाण्याने धुतले.' बाकी सगळं खरं होतं. 'फक्त' तेवढं खोटं होतं. त्या एका शब्दाच्या पोटात त्यांचं लग्न, त्यांची मुलगी आणि अडतीस वर्षांचा संसार मावला होता, आणि तो शब्द सत्तेचाळीस वर्षं कुणालाही त्रास न देता पुण्याच्या भांडारातल्या एका वहीत पडून होता.

मग नाशिकच्या प्रयोगशाळेतून फोन आला.

"खैरनार नाना का? मी डॉ. श्रावस्ती कांबळे. तुम्ही धुळपिंप्रीच्या उत्खननावर भांडारपाल होता ना?"

"होतो. काय हरवलं?"

निवृत्त भांडारपालाला ऑफिसातून फोन आला की त्याच्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघतो.

"हरवलं नाही हो. सापडलंय. चारशे सतरा नंबरच्या मडक्यात आम्हाला दही सापडलंय."

नानांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खराब झालं असेल," ते म्हणाले.

पलीकडे बाई मोकळेपणानं हसल्या. दही म्हणजे मडक्याच्या आतल्या चुन्याच्या थरात अडकलेले दह्याचे जिवाणू, त्यांचे अवशेष. त्यावरून प्रयोगशाळेनं जिवंत जिवाणू घडवले होते, दूध विरजलं होतं आणि ते लागलंही होतं. आता साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं ते दही चाखायला काही मोजकी माणसं बोलवायची होती. त्या उत्खननातलं हयात माणूस एकच उरलं होतं, म्हणून हा फोन.

"याल ना नाना?"

"दही खायला कोण नाही म्हणेल," नाना म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दह्याशी त्यांचं जरा बिनसलेलंच होतं. चाळीसगावच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात गेली नऊ वर्षं पाकिटातलं दही येत होतं आणि ते रोज त्याला नावं ठेवत होते. सोमवारचं आणि शुक्रवारचं दही अगदी एकसारखं लागतं, ही त्यांची मुख्य तक्रार. त्यांच्या बायकोचं, मंजुळाबाईंचं दही तसं नव्हतं. हवा, दूध आणि मंजुळाबाई या तिघांचा मूड त्यात उतरायचा. पण बूड एकच असायचं : तोंडात घातलं की गोड आणि गिळल्यावर कानाखाली आंबट. ते विरजण मंजुळाबाईंच्या आजीपासून चालत आलेलं होतं. "तळाचं ठेवा," हे त्या घरातलं रोजचं वाक्य होतं. वाटी कितीही आवडीनं चाटलेली असो, मडक्याच्या तळाशी चमचाभर दही उद्याच्या विरजणाला राहिलंच पाहिजे.

नऊ वर्षांपूर्वी मंजुळाबाई दवाखान्यात होत्या. चौथ्या दिवशी भर दुपारी नाना डबा न्यायला घरी आले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्यांनी उभ्याउभ्याच भाकरी आणि उरलेलं दही खाल्लं, भुकेच्या भरात तळही बोटानं पुसून घेतला, आणि शहाण्यासारखं मडकं घासून पालथं घातलं. मंजुळाबाई परत आल्या नाहीत. तेरावं झाल्यावर नानांना एकदम आठवलं, आणि ते वाटी घेऊन गल्लीत निघाले. एकेकाळी त्या गल्लीतल्या प्रत्येक दह्याची आई त्यांच्याच घरची होती. ते अकरा घरी गेले. अकराही घरी आता पाकीट येत होतं. लोक चांगले, प्रत्येकानं आग्रह करून वाटीभर दही दिलं. त्यांना वाटलं, नानांना दही हवंय.

*

प्रयोगशाळा गंगापूर रोडला होती. श्रावस्ती कांबळे छत्तिसेक वर्षांच्या, चालताना पायांत चप्पल आहे की नाही याची खात्री नसल्यासारख्या भरभर चालणाऱ्या. त्यांनी नानांना आधी मडकं दाखवलं. काचेच्या पेटीत, दिव्याखाली, मखमलीवर. नानांनी चष्मा पुसून पाहिलं. तांबूस अंग, खांद्यावर काळ्या रेषांची नक्षी, रुंद तोंड, आणि कडेला तांदळाएवढी एक टवकी. ती टवकी कशी पडली हे जगात आता एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तो माणूस चष्मा पुसत होता.

"मला जरा समजेल असं सांगा, मॅडम," नाना म्हणाले. "मी बी.ए. आहे, तोही मराठी घेऊन."

त्यांनी सांगितलं, आणि छान सांगितलं. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. डीएनए म्हणजे चिठ्ठी. चिठ्ठी लवकर विरते, माळ जास्त टिकते. आणि भांड्याच्या आत चुन्याचा थर धरला असेल तर त्या थरात दुधाच्या माळा हजारो वर्षं अडकून राहतात. गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातल्या एकाच प्रथिनाच्या माळेत दोनचार मणी वेगळे असतात. तेवढ्यावरून त्या काळी गोठ्यात कोण बांधलेलं होतं ते कळतं. पूर्वी शास्त्र इथे थांबायचं. आता त्यांच्याकडे पुनर्घडण यंत्र आलं होतं. विरलेल्या चिठ्ठीचे लाखो कपटे ते वाचतं, कोणता कपटा कोणाशेजारी बसतो ते ताडून पाहतं, अख्खी चिठ्ठी नव्यानं लिहितं आणि एका रिकाम्या केलेल्या जिवाणूच्या पेशीत नेऊन ठेवतं. चिठ्ठी बरोबर लिहिलेली असेल तर तो जिवाणू जागा होऊन कामाला लागतो.

"म्हणजे खापरं जोडता तुम्ही," नाना म्हणाले. "आम्हीपण जोडायचो. आमचं मडकं पाणी धरत नसे."

"आमचं दूध धरतं," श्रावस्ती म्हणाल्या.

"आणि वय कसं काढता?"

"चिठ्ठीची टोकं कुरतडली जातात काळानं. जितकी जुनी, तितकी जास्त." त्या जरा थांबल्या. "या जिवाणूंची टोकं तशी कमी कुरतडलेली निघाली. पण वरून चुन्याचं कवच होतं. त्यानं राखलं असणार, असं सरपोतदार सरांचं मत पडलं. दुधाच्या माळा तर अस्सल जुन्या आहेतच."

सरपोतदार म्हणजे संचालक. ज्यांचं मत पडलं की बाकीच्यांचं आपोआप उठतं, अशांपैकी.

चाखायच्या खोलीत सहा माणसं होती. पांढऱ्या वाट्या, प्रत्येकीत दोन चमचे दही. खोलीबाहेर एक थेंबही न्यायचा नाही असा नियम भिंतीवर लावलेला. कारण हा घडवलेला जीव होता आणि वारशाचा खास परवाना घेऊनच त्याला जगू दिलं होतं. एका दुग्धकंपनीचा माणूस पाकिटाचा नमुना घेऊन आला होता. दिवाळीपर्यंत दही दुकानात येणार होतं. पाकिटावर गळ्यात शंखाच्या मण्यांची माळ घातलेली एक सावळी बाई होती आणि खाली लिहिलं होतं : 'तिच्या हातचं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं.'

सरपोतदारांनी डोळे मिटून दही घेतलं, देवळात तीर्थ घ्यावं तसं. कंपनीचा माणूस म्हणाला, यात एक प्राचीन खोली आहे. एका प्राध्यापिकेनं कागदावर 'मातकट' असं लिहिलं आणि शेजाऱ्याचं बघून ते खोडलं.

नानांनी चमचा घातला. वडी कापल्यासारखी निघाली, पाणी सुटलं नाही. त्यांनी ती तोंडात ठेवली. गोड. मग गिळली.

कानाखाली आंबट आलं.

कुणी नाव घेऊन हाक मारावी तसे ते मागे वळले. मागे भिंत होती, भिंतीवर नियम होते.

"कसं आहे नाना?" श्रावस्तींनी विचारलं.

"यात मिरची घालता का तुम्ही?"

श्रावस्तींच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण मागचं माणूस उठून गेल्यासारखं झालं. "मिरची? का?"

"नाही, सहज," नाना म्हणाले आणि दुसरा चमचा घेतला. तो त्यांनी इतका सावकाश खाल्ला की कंपनीच्या माणसानं घड्याळ पाहिलं.

*

धुळपिंप्रीचं उत्खनन हिवाळ्यातलं. गिरणेच्या काठी पांढऱ्या मातीचं जुनं टेकाड, त्यावर तंबू, खाली विहीर. विहिरीच्या ओट्यावर रोज दुपारी दोन ओळी लागायच्या : डावीकडे खड्ड्यातून आलेली, धुऊन पालथी घातलेली मडकी-खापरं, उजवीकडे कॅम्पच्या स्वयंपाकघराची भांडी. दोन्हींच्या मध्ये एक वीट. एवढ्या मोठ्या शास्त्राची सगळी भिस्त त्या विटेवर होती.

स्वयंपाकाला पाचोऱ्याची एक मावशी होती आणि तिच्या हाताखाली तिची भाची, मंजुळा. बावीस वर्षांची. येताना तिनं विरजण आणलं होतं ते फडक्यावर : आजीच्या दह्यात फडकं बुडवून सावलीत वाळवायचं, आणि पोचल्यावर दुधात सोडायचं. गावातून म्हशीचं दूध यायचं. पण स्टीलच्या पातेल्यात त्या थंडीत दही लागेना. चौथ्या दिवशी दही लागलं, आणि असं लागलं की मोठ्या सरांनी तीन वेळा मागून घेतलं.

पाचव्या दिवशी वाल्मीक खैरनार, वय सत्तावीस, डावीकडची ओळ मोजायला गेले. एक मडकं कमी भरलं. ते शोधत शोधत चुलीपाशी आले.

"हे कुठलं मडकं?"

"आमचं," मंजुळा म्हणाली. "चुलीजवळचं."

"हे चारशे सतरा आहे."

"मडक्यांना नंबर घालता होय तुम्ही? कामच दिसत नाही दुसरं."

"साडेतीन हजार वर्षांचं आहे ते."

"मग मी घासून घेतलं ते बरंच झालं."

वाल्मीक खैरनारांनी वाकून मडकं पाहिलं. घासून घेतलं म्हणजे राखेनं, आणि घासताना काठाला टवकी पाडून. आत दूध, दुधात देठासकट एक लाल मिरची. थंडीत दही घट्ट लागावं म्हणून ती टाकायची, तिच्या आजीची रीत. वीट ओलांडून उजवीकडे आलेलं आख्खं मडकं. या उत्खननात न फुटता मिळालेल्या मोजक्यांतलं एक.

"हे सरांना सांगावं लागेल," ते म्हणाले.

"सांगा की. आधी खाऊन तर बघा, मग सांगा."

त्यांनी खाल्लं. मग सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाले, तर दुसऱ्या दिवशीही तिनं वाटी पुढे केली. असे सव्वीस दिवस गेले. त्या सव्वीस दिवसांत रोज दुपारी एक वाटी त्यांच्या टेबलावर नोंदवहीच्या शेजारी येऊन बसायची, आणि वाटीबरोबर ती येऊन जायची, आणि जाताना म्हणायची, "तळाचं ठेवलंय. उद्या पण आहे." कॅम्प उठला त्या दिवशी त्यांनी चारशे सतरा स्वतःच्या हातानं धुतलं आणि वहीत 'फक्त' हा शब्द लिहिला. वैशाखात लग्न झालं.

*

मुलगी, स्वप्नाली, नाशिकलाच इंदिरानगरात राहायची. चाखण्याच्या दिवशी संध्याकाळी नानांनी तिच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून हे सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. निवडायची थांबली.

"म्हणजे ते आईचं दही आहे?"

"तिचंच. मी चूक करीन, पण माझं तोंड करणार नाही."

"आणि दिवाळीला दुकानात येणार."

"येणार म्हणतात."

स्वप्नाली उठली, उगाच हात धुतले, परत बसली. "नाना, मी त्या दह्यासाठी काय काय केलंय तुम्हाला माहीत नाही. पाचोऱ्याला जाऊन आले. मामीच्या फ्रीजमध्ये पण बघितलं." ती हसली आणि लगेच तिचं तोंड वाकडं झालं. "मला हवंय ते. रोज हवंय."

"मलापण हवंय."

"मग झालं तर. मिळेल."

"मी सांगितलं नाही तर मिळेल."

"म्हणजे? तुम्ही सांगणार आहात?"

नाना मेथीची एक काडी घेऊन तिची पानं खुडू लागले. "त्या पाकिटावर एक बाई काढलीय. गळ्यात शंखाचे मणी."

"असू दे ना. मी आईचं म्हणून खाईन."

"ती कोण आहे कुणालाच माहीत नाही. नाव नाही, गाव नाही. लोक तिला हात जोडतील. आणि जिनं लावलं तिला सगळे ओळखत होते, गल्लीत, पाचोऱ्यात, कॅम्पवर. तिचं नाव कुठेच नाही."

"नाव!" स्वप्नाली म्हणाली. "तुम्हाला वस्तूवर चिठ्ठी बरोबर लागली पाहिजे, बास. चिठ्ठी चुकली की तुमचा जीव जातो. वस्तू गेली तरी चालेल."

"त्या कांबळे बाईंचं पण आहे. त्या खोट्यावर उभ्या आहेत, आणि ते खोटं माझं आहे. पुढेमागे कुणीतरी उकरेलच. उकरायचाच धंदा आहे हा."

"उकरू दे. तोवर तुम्ही खा, मी खाते." आणि मग जे नऊ वर्षं घरात कुणी बोललं नव्हतं ते ती बोलली. "तेव्हाही तळाचं तुम्हीच खाल्लं होतं."

नानांनी हातातली काडी ताटात ठेवली. तिच्यावर एकही पान उरलं नव्हतं.

"हो," ते म्हणाले.

*

सकाळी दहाला ते परत प्रयोगशाळेत गेले आणि श्रावस्ती कांबळे यांना सगळं सांगितलं. विहीर, वीट, म्हशीचं दूध, फडकं, सव्वीस दिवस, 'फक्त'. सांगताना त्यांनी बसायला नकार दिला. बाईंनी मधे एकदाही टोकलं नाही. झाल्यावर त्यांनी संगणकाचा पडदा नानांकडे वळवला. हिरव्या रेघांच्या गर्दीत तळाशी एक बारीकशी रेघ होती.

"ही मिरची," त्या म्हणाल्या. "मिरचीच्या झाडाच्या चिठ्ठीचे नऊ कपटे. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली नाना, पाचशे वर्षं झाली. हे मडकं त्याच्या तीन हजार वर्षं आधीचं. मी तळटीप लिहिलीय : 'हाताळणीतून झालेली मिसळ. बहुधा कुणाच्या तरी जेवणाच्या डब्यातून.'"

"डब्यातूनच म्हणा."

"काल तुम्ही मिरची विचारलीत तेव्हाच मला कळलं. पण मी घरी जाऊन जेवले आणि झोपले." त्यांनी पडदा परत आपल्याकडे वळवला. "सत्तेचाळीस वर्षं, नाना."

"हो."

"त्यातली चार माझी आहेत."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. ते चाक लांब जाईपर्यंत दोघं ऐकत राहिले.

"तुम्ही बोलला नसता तर?" श्रावस्ती म्हणाल्या. "कुणाला कळलं असतं?"

"तुम्हाला. तळटिपेत ठेवलीच होती ना तुम्ही ती. टाकून नाही दिली."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी थराचे कपचे पुन्हा तपासायला लावले, या वेळी वरचा थर वेगळा आणि खालचा वेगळा. सरपोतदारांना सांगितलं. ते आधी संतापले, मग म्हणाले, त्यांचं मत पहिल्यापासूनच जरा साशंक होतं. कंपनीच्या माणसानं पाकीट खिशात घालून निरोप घेतला.

दुसऱ्या दिवशी श्रावस्तींनी नानांना बोलावून घेतलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण आवाज सरळ होता.

"वरचा थर तुमचा. म्हशीचं दूध, हे जिवाणू, मिरची. खालच्या थरातल्या माळा मात्र अस्सल आहेत. तीन हजार चारशे वर्षं. शेळीचं दूध, आणि आंबवलेलं. त्या थरात जिवाणूंची चिठ्ठी काही राहिली नाही, पण आंबवण्याच्या खुणा आहेत. माझा लेख आता अर्धाच राहील. खरा राहील."

"म्हणजे ते दह्याचंच मडकं होतं?"

"बहुतेक."

नाना कौतुकानं मडक्याकडे बघत राहिले. "ओट्यावर सतरा-अठरा मडकी पालथी होती, मॅडम. तिनं हेच उचललं. मी विचारलं होतं तिला, हेच का. म्हणाली, तोंडावरून कळतं."

श्रावस्तींनी पुण्याहून जुनी वही मागवून घेतली होती. कडा कुरतडलेली, निळ्या शाईची. नानांनी आपलं तरुणपणीचं अक्षर पाहिलं. ते आताच्यापेक्षा आगाऊ वाटलं. त्यांनी 'फक्त पाण्याने धुतले' यावर एक सरळ रेघ मारली, खाडाखोड न करता, आणि समासात लिहिलं : 'दुरुस्ती. उत्खननानंतर सव्वीस दिवस दही लावण्यासाठी वापर. वापरणारी : मंजुळा.' मग थोडं थांबून, लग्नाआधीचं आडनाव लिहायचं की नंतरचं याचा विचार करून, त्यांनी दोन्ही लिहिली. खाली तारीख घातली आणि सही केली.

"आणि दह्याचं?" त्यांनी विचारलं.

"वारशाचा परवाना जुन्या जीवाला होता. हा जुना नाही. नियमाप्रमाणे अठ्ठेचाळीस तासांत नष्ट करायचा. उद्या अकरा वाजता." त्या टेबलाकडे बघत बोलत होत्या. "नव्या जीवाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. मी करीन. निकालाला सातआठ वर्षं लागतात."

नाना मनात बेरीज करून हसले. "चिठ्ठी तरी राहील?"

"संगणकात राहील. कुलूपबंद."

"कागदावरच्या विरजणानं दही लागतं का हो?"

"नाही," श्रावस्ती म्हणाल्या. "पण उद्या अकराच्या आत चाखायच्या खोलीत बसून खायला नियमाची हरकत नाही. आणखी कुणाला आणायचं असेल तर आणा."

*

स्वप्नालीला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं : "उद्या साडेदहाला ये." ती येईल अशी त्यांना खात्री नव्हती. ती दहालाच येऊन फाटकाबाहेर उभी होती, आईची मोरपंखी साडी नेसून. दारात कुणीतरी त्यांना पांढरे डगले दिले. साडीवर डगला चढवताना तिच्या बांगड्या अडकल्या, त्या नानांनी सोडवल्या.

खोलीत एकच भांडं होतं. श्रावस्तींनी पांढऱ्या वाटीऐवजी बाजारातून आणलेल्या कुंभाराच्या छोट्या मडक्यात दही लावलं होतं. नियमात भांड्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. वर साय धरली होती. शेजारी दोन चमचे.

"मी बाहेर थांबते," त्या म्हणाल्या.

"बसा हो," नाना म्हणाले. "तुमच्या हातचं आहे."

त्या दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. भिंतीपलीकडच्या खोलीत ऑटोक्लेव्ह तापत होता. प्रेशर कुकरचा थोरला भाऊ म्हणावं असं ते यंत्र, आत जाईल ते निर्जीव करून बाहेर देणारं. त्याची वाफ मधूनमधून ऐकू येत होती.

स्वप्नालीनं पहिला चमचा घेतला. नाना तिच्या तोंडाकडे बघत होते. तिनं गिळलं, आणि तिचा हात आपोआप कानाच्या खाली जबड्याशी गेला. लहानपणी ती असंच करायची. तिनं मान हलवली. दुसरा चमचा घेतला. मग नानांनी घेतला.

दोघं आळीपाळीनं खात होते. एक चमचा तिचा, एक त्यांचा. मधेच ती म्हणाली, "मिरची घातलीय."

"मीच घातली," श्रावस्ती दाराजवळून म्हणाल्या. "नानांनी मला सांगितलं होतं. देठासकट."

"आई देठ काढून बाजूला ठेवायची," स्वप्नाली म्हणाली, "आणि मला दटावायची, खाऊ नको म्हणून. मी कशाला खाईन देठ?"

नाना हसले. घड्याळात अकराला आठ मिनिटं होती. दही खाली खाली जात होतं. मडक्याची लाल माती आतून दिसायला लागली. स्वप्नालीचा चमचा तळाला लागला आणि खरवडल्याचा आवाज झाला.

नानांनी तिचं मनगट धरलं.

"तळाचं ठेव," ते म्हणाले.

स्वप्नालीनं त्यांच्याकडे पाहिलं. भिंतीपलीकडून वाफेचा आवाज आला. हे मडकं कुठे जाणार आहे, किती वाजता जाणार आहे, तिला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. तिनं चमचा बाहेर काढला, चाटला आणि टेबलावर पालथा ठेवला.

श्रावस्ती उठून आल्या. त्यांनी मडक्यात डोकावून पाहिलं. चमचाभर दही तळाशी गोळा झालं होतं, मधे देठासकट लाल मिरची.

"राहिलंय थोडं," त्या म्हणाल्या. "संपवायचं नाही?"

"नाही," नाना म्हणाले आणि टोपी नीट करून उभे राहिले. "विरजणाला राहू द्या."

श्रावस्तींनी मडकं दोन्ही हातांनी उचललं, हलणार नाही असं जपून, आणि पलीकडच्या खोलीत घेऊन गेल्या.